अकराची शिट्टी

रात्री अकराच्या सुमाराला पुण्यात शास्त्री रस्त्यावर, नवी पेठेत किंवा डेक्कनच्या मागच्या गल्ल्यांत थोडा वेळ थांबलं, की एक ठरलेला प्रकार बघायला मिळतो. पोलिसांची गाडी सावकाश पुढे येते, शिट्टी वाजते. भुर्जीवाला तव्यावरचा माल कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात कोंबतो आणि गाडीवरचा दिवा मालवतो. चहावाला स्टोव्ह बंद करत नाही, नुसता आत ओढून घेतो. पोलिसांची गाडी वळली, की अर्ध्या शटरखालून पुन्हा ग्लास बाहेर येऊ लागतात. समोरची चाळीस-पन्नास पोरं दहा पावलं मागे सरकून अंधारात उभी राहतात. कागदोपत्री रात्र बंद झालेली असते आणि झोपायला मात्र एकही जण गेलेला नसतो.

त्याच वेळी कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर या भागांतल्या परमिट रूम रीतसर परवान्यावर रात्री दीडपर्यंत चालू असतात. या शहरात साडेअकराला दारू कायदेशीर मिळते, पण पोहे मिळवायचे तर चोरून. विद्यार्थ्यांच्या 'नाईटलाइफ'बद्दल एवढा आरडाओरडा होतो, त्यात ही साधी विसंगती क्वचितच कुणाच्या तोंडी येते.

वाद नेहमी पबवरून सुरू होतो आणि पबवरच संपतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शेनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. मुलाच्या जामिनाला तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली आणि सगळा देश संतापला. पुढच्या महिन्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधला, तरुण कथित अमली पदार्थ घेतानाचा व्हिडिओ बाहेर आला. दोन्ही वेळा पब-बारवर धडाधड कारवाई झाली, रूफटॉपवाल्यांना नोटिसा गेल्या, आणि 'पुण्याची संस्कृती बिघडली' हा राग सगळ्यांनी आळवला. कारवाई व्हायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण तिचा विद्यार्थ्यांच्या रात्रीशी संबंध किती?

कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ आहे आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. शिवाय पिण्याचा परवाना वेगळा लागतो. म्हणजे बारावी करून आलेल्या, बी.ए., बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पबच्या वेळेशी कायद्यानं काही देणंघेणंच नाही. त्याला तिथे दारू देणं हाच गुन्हा आहे, मग घड्याळात आठ वाजलेले असोत की दीड. पब किती वाजता बंद करायचा हा प्रश्न मुख्यतः पंचविशीच्या पुढच्या, पगार मिळवणाऱ्या लोकांचा आहे. विद्यार्थ्याला रात्री उशिरा ज्या गोष्टी करायला कायद्याची पूर्ण मुभा आहे, म्हणजे जेवणं, वाचणं, तालीम करणं, घरी जाणं, नेमक्या त्याच आपण अकराला बंद करतो. माझी तक्रार एवढीच आहे. बाकीचा लेख तिचा तपशील समजा.

तपशिलाची सुरुवात पोटापासून करतो. पेठांमधल्या मेसची रात्रीची वेळ साधारण साडेसात ते दहा. साडेनऊनंतर पोळ्या संपून भातावर भागवावं लागतं आणि दहाला पातेली घासायला जातात. दोन वेळच्या मेसचे महिन्याला तीन हजार धरले, तर एक जेवण पन्नास रुपयांना पडतं. या भावात शहरात दुसरं काही मिळत नाही, म्हणून सगळं वेळापत्रक मेसभोवती फिरतं. खाडा धरायचा तर बहुतेक ठिकाणी आधी सांगावं लागतं आणि सलग दोन-तीन दिवसांचा असेल तरच धरतात. एखाद्या रात्री क्लास लांबला, बस चुकली, पार्टटाइमची पाळी साडेदहाला सुटली, तर ते जेवण गेलं आणि पैसेही गेले. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद हा तर पुण्याचा जवळजवळ धर्म आहे. त्यामुळे रविवारी रात्री हजारो मुलं एकाच वेळी जेवण शोधत बाहेर पडतात, आणि परवडणाऱ्या गाड्यांना अकराला शिट्टी बसते. उरतं ते ॲपवरून मागवणं. तिथे पदार्थाची किंमत, पॅकिंग, पोचवण्याचे पैसे आणि कर मिळून एका माणसाचं बिल दोन-अडीचशेच्या खाली येणं कठीण, म्हणजे मेसच्या चार-पाच जेवणांचे पैसे. ते परवडत नाही तो पार्लेजी आणि चहावर रात्र काढतो.

आणि ती डिलिव्हरी घेऊन येणारा मुलगाही बऱ्याचदा विद्यार्थीच असतो, हे जाता जाता सांगायला हवं. त्याचं जेवण साडेबाराला. त्याला नळस्टॉपचे पहाटेचे पोहे माहीत असतात, कारण तोपर्यंत दुसरं काही उघडं नसतं.

गंमत म्हणजे कायद्याला हे बंद ठेवणं मुळीच अपेक्षित नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानं दुकानं आणि खाणावळी चोवीस तास उघड्या ठेवायची मुभा दिली. अट एवढीच, की कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. महिलांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय हवी. वेळेची बंधनं अधिसूचनेनं वेगळी ठरवली ती परमिट रूम, बिअर बार, हुक्का पार्लर अशा मोजक्या जागांसाठी. तरीही ठिकठिकाणी साधी हॉटेलं बंद करायला लावण्याच्या तक्रारी येतच राहिल्या. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ ला शासनाला पुन्हा लेखी स्पष्ट करावं लागलं, की दारू विकणाऱ्या किंवा पुरवणाऱ्या आस्थापना वगळता बाकी सगळ्यांना चोवीस तास चालू राहता येतं. आठ वर्षं जुन्या कायद्याचा अर्थ पुन्हा समजावून सांगायची पाळी यावी, यातच आपल्याकडच्या रात्रीच्या कारभाराचं सार आलं. दारू नसलेल्या हॉटेलाचा प्रश्न आता कागदावर तरी मिटला आहे.

हातगाडीचा मिटलेला नाही. ती पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याखाली येते. या कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, विक्रीचं प्रमाणपत्र आहे, मुक्त, निर्बंधित आणि मनाई असे विभाग आहेत. त्यात आणखी एक फारशी न वापरलेली तरतूद आहे: एकच जागा वेळ वाटून घेऊन वापरण्याची. दिवसा जी जागा वाहनतळ आहे, तीच रात्री दहा ते तीन खाद्यगाड्यांची होऊ शकते. मंडईचा परिसर, स्वारगेटच्या आसपास, डेक्कनचा नदीकाठ, मोठ्या महाविद्यालयांच्या भिंतीलगतचे रुंद पदपथ, अशा पाच-सहा जागा समितीनं ठरवल्या, गाड्यांना वेळेसकट प्रमाणपत्र दिलं, कचऱ्याचा डबा आणि पाण्याचा नळ दिला, तर अकराची शिट्टी आपोआप निरर्थक होते. आज गाडीवाल्याजवळ लेखी वेळ नसते, म्हणून प्रत्येक रात्री त्याची वेळ कुणीतरी तोंडी ठरवतं. तोंडी ठरणाऱ्या वेळेची किंमतही तोंडीच ठरते, यापेक्षा जास्त काही बोलायची गरज नाही.

आता अभ्यासिका. पुण्याच्या विद्यार्थी-रात्रीचं खरं केंद्र पब नसून ही जागा आहे. सदाशिव, नारायण, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता इथे राज्यसेवा, कम्बाइन, पोलिस भरती, सरळसेवा अशा सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात. कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे खोली नाही, खोलीतली एक कॉट भाड्यानं. तिथे बसायला टेबल नसतं आणि शेजारचा दिवा लावू देत नाही. म्हणून अभ्यासिका. अडीच फूट रुंद, साडेतीन फूट खोल असा प्लायवूडचा कप्पा, त्यात एक खुर्ची, एक ट्यूब, एक प्लग, आणि समोर 'पीएसआय' किंवा 'डीवायएसपी' लिहिलेला कागद. पहाटे सहा ते रात्री बारा, नाहीतर चोवीस तास. मार्च २०२१ मध्ये तोंडावर आलेली परीक्षा पुढे ढकलली गेली तेव्हा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससी आणि बँकिंगची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा, हीच पोरं या कप्प्यांतून उठून रस्त्यावर येऊन बसली होती. रात्री एवढा जमाव एका हाकेवर कसा जमला, याचं बाहेरच्यांना नवल वाटलं. तो जमलेला नव्हताच. तो रोजच तिथे असतो, फक्त भिंतींच्या आत.

या भिंतींच्या आत काय चाललंय ते जरा मोजून पाहा. जुन्या इमारतीतला साधा टूबीएचके फ्लॅट, त्यात पन्नास कप्पे. दीड टनाचे तीन एसी, प्रत्येकी साधारण १.६ किलोवॅट, म्हणजे ४.८. पन्नास लॅपटॉप ६५ वॅटच्या चार्जरवर, सगळे एकदम लागले तर ३.२५. दिवे, पंखे, राउटर, पाणी थंड करणारं यंत्र मिळून आणखी पाऊण. बेरीज पावणेनऊ किलोवॅटच्या आसपास जाते, म्हणजे २३० व्होल्टला ३८ अँपिअर. निम्मेच लॅपटॉप लागले असं धरलं तरी आकडा सातच्या खाली येत नाही. एका कुटुंबासाठी घेतलेल्या जोडणीचा मंजूर भार याच्या निम्म्यावर असू शकतो. भिंतीतली वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तीही पंचवीस वर्षांपूर्वी घातलेली. पहिल्याच उन्हाळ्यात एमसीबी पडायला लागतो. तो पडतो कारण त्याचं कामच ते आहे: वायर तापायच्या आत वीज तोडणं. मग वायरमनला बोलावलं जातं आणि सगळ्यात स्वस्त 'दुरुस्ती' होते. १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवला जातो. आता एमसीबी पडत नाही, त्याऐवजी वायर तापते. एकाला एक जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड, सैल झालेले प्लग, आजूबाजूला प्लायवूड, लॅमिनेट आणि रद्दीच्या गठ्ठ्यांएवढ्या नोट्स. जळायला आणखी काय लागतं?

त्यात अकराची शिट्टी. वर्दळ दिसू नये म्हणून खालचं शटर ओढून घेतात, कधी बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली घेऊन मॅनेजर कॉटवर झोपायला जातो. जिना एकच, आणि त्यात खालच्या दुकानदाराचे खोके. मीटरची पेटी त्याच जिन्याच्या तोंडाशी. आग बहुधा जिथे लागते तीच बाहेर पडायची एकमेव वाट असते. १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जीनगरमधल्या कोचिंग क्लासच्या इमारतीत विजेच्या मीटरपाशी आग लागली, तेव्हा मुलं खिडक्यांतून दोरीला आणि वायरला लोंबकळत खाली उतरली, ती याच कारणानं. २७ जुलै २०२४ ला दिल्लीतच राजेंद्रनगरमधल्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. तळघर वाहनतळासाठी किंवा साठवणीसाठी असतं. तिथे माणसं बसवली की धोका दुरुस्तीनं जात नाही, जागाच सोडावी लागते. पुण्यातही तळघरात चालणाऱ्या अभ्यासिका आहेत.

उपाय रॉकेट सायन्स नाही. वापरानुसार वीजभार वाढवून घ्यायचा. एसी आणि प्लगचे सर्किट वेगळे ठेवायचे. एमसीबी वायरच्या जाडीला साजेसा आणि सोबत गळतीवर तुटणारा आरसीसीबी. कप्प्यांच्या मधली वाट दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकतील एवढी. दुसरा जिना नसेल तर वरच्या मजल्यावर पन्नास माणसं बसवायचीच नाहीत. चालू वेळेत शटर पूर्ण वर, आणि जागा बंद करायची तर आधी माणसं मोजून बाहेर. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. अभ्यासिकेला ते कुणी विचारत नाही, कारण ती कशात मोडते हेच ठरलेलं नाही. क्लास म्हणावा तर शिकवत कुणी नाही, वाचनालय म्हणावं तर पुस्तकं नाहीत, दुकान म्हणावं तर विकत काही नाहीत. महापालिकेनं आधी हा प्रकार नाव देऊन नोंदीत घ्यावा. कडक कारवाईच्या घोषणेनं काय होतं तेही माहीत आहे: आठ दिवस टाळं, मग तीच जागा दुसऱ्या नावानं, आणि मधल्या काळात पन्नास जण परीक्षेच्या तोंडावर रस्त्यावर.

आणि खरं सांगायचं तर खाजगी अभ्यासिकेची एवढी गरज पडावीच का? महाविद्यालयांची वाचनालयं सहा-सातला बंद होतात. बसायची जागा, दोन जिने, अग्निशामक नळ, स्वच्छतागृह, पहारेकरी, सगळं आधीच बांधून तयार आहे. संध्याकाळी सातला तिथले दिवे मालवले जातात आणि त्याच महाविद्यालयातली मुलं महिन्याला हजार-बाराशे देऊन प्लायवूडच्या कप्प्यात जातात. एक मोठा वाचनकक्ष रात्री बारापर्यंत चालवायला लागतो एक लिपिक, एक पहारेकरी आणि एक सफाई कामगार. पुस्तकं द्यायची गरज नाही, कपाटांना कुलूप असू दे. ओळखपत्र घ्या, वहीत वेळ लिहा.

हेच तालमींचं. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी असते, म्हणजे जुलैभर महाविद्यालयांच्या तालमी. दिवसा लेक्चर, संध्याकाळी प्रॅक्टिकल, तालमीला सातनंतरच सगळे जमतात आणि नवाला शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो. पुढची तालीम कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सोसायटी ओरडली की नदीपात्रात, नाहीतर झेड ब्रिजच्या कठड्याला टेकून संवाद म्हणत. मराठी रंगभूमीला, मालिकांना आणि सिनेमाला या स्पर्धांनी किती माणसं दिली याची यादी अभिमानानं सांगणारं शहर त्या मुलांना रात्री साडेनऊनंतर एक बंद खोली देत नाही.

आता घरी जायचं कसं? मेट्रो सकाळी सहा ते रात्री अकरा. पीएमपीची नेहमीची शेवटची बस बहुतेक मार्गांवर त्याच्याही आधी निघून गेलेली असते. रातराणी ही रात्रीची बस आहे, पण मोजक्या मार्गांवर, आणि कोणत्या थांब्यावर किती वाजता येते हे थांब्यावर लिहिलेलं नसतं. वेळ माहीत नसलेली बस रात्री बाराला नसल्यातच जमा. रिक्षाचा सप्टेंबर २०२२ पासूनचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. रात्री बारा ते पाच त्यावर पाव पट जादा. सदाशिव पेठेतून आठ किलोमीटरवर कात्रजच्या पलीकडे राहणाऱ्या मुलाला दिवसा साधारण १३६ रुपये होतात आणि मध्यरात्रीनंतर १७०. हे मीटरनं, मीटर पडलं तर. महिन्याला दहा रात्री धरल्या तर मेसच्या निम्म्या पैशांवर रिक्षाच गेली. मग काय होतं? एक दुचाकी आणि तिघं, हेल्मेट एकालाही नाही. रस्ता मोकळा म्हणून वेग साठच्या वर, सिग्नल पिवळे लुकलुकणारे. ट्रिपल सीटवर दंड जरूर करा, पण तिसरा माणूस त्या गाडीवर का बसला याचं उत्तर बसच्या वेळापत्रकात आहे.

हे किती अवघड आहे? नळस्टॉप–डेक्कन–स्वारगेट–कात्रज हा मार्ग एका बाजूनं साधारण १२ किलोमीटर. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर थांबे धरून ताशी २० चा वेग पकडला तर एक फेरी ३६ मिनिटांची. जाऊन-येऊन ७२, दोन्ही टोकांना मिळून १८ मिनिटं विसावा, झाले ९०. दर अर्ध्या तासाला बस हवी असेल तर तीन बस लागतात. अकरा ते पहाटे पाच, सहा तासांत दोन्ही बाजूंनी बारा-बारा फेऱ्या, एकूण २८८ किलोमीटर. शहरातली एक बस दिवसाला साधारण दोनशे किलोमीटर धावते, म्हणजे दीड बसच्या एका दिवसाइतकं काम. अशा दोन-तीन मार्गांनी विद्यापीठ, कोथरूड, पेठा, स्टेशन, कात्रज आणि हडपसर जोडता येतात. चुकेल कुठे तेही सांगतो. तासाला एक बस ठेवली तर कुणी थांबणार नाही, गाड्या रिकाम्या धावतील, आणि सहा महिन्यांनी 'प्रतिसाद नाही' म्हणून सेवा बंद होईल. पुण्यात चांगल्या बस बऱ्याचदा अशाच मेल्या आहेत. अर्धा तास ही कमाल मर्यादा, आणि थांब्यावर छापील वेळ. विद्यार्थी पास याच बसला चालला पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

मुलींचा प्रश्न मी मुद्दाम मध्ये आणलेला नाही, कारण तो 'शिवाय' म्हणून आणायचा प्रश्न नाही. रात्रीची सगळी चर्चा सुरक्षिततेवर येऊन थांबते आणि सुरक्षितता म्हणजे मुलींच्या वसतिगृहाचं फाटक, असं समीकरण झालं आहे. मुलांना अकरा किंवा वेळच नाही, मुलींना साडेआठ, नऊ, फार तर दहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट आहे, की विद्यार्थिनींच्या सुरक्षेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. त्याच विनियमांत, मुलींना ग्रंथालयात, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत काम करता यावं म्हणून संस्थांनी भरवशाच्या वाहतुकीचा विचार करावा, असंही आहे. पण हे लागू संस्थांना. पेठांमधली बहुतेक लेडीज होस्टेलं खाजगी आहेत, तिथे मालकीणबाईंचा शब्द हाच विनियम.

या कुलपाचं गणित कुणी मांडत नाही. दहाला फाटक बंद होणार आणि मुलगी सव्वादहाला पोचली, तर तिच्यासमोर दोनच वाटा उरतात: बाहेर उभं राहून आई-बाबांना जाणारा फोन ऐकायचा, नाहीतर सकाळी सहापर्यंत दुसरीकडे कुठेतरी राहायचं. पंधरा मिनिटांचा उशीर आठ तासांचा होतो. कुलूप मुलीला आत सुरक्षित ठेवतं त्यापेक्षा बाहेर अडकवतं जास्त वेळा. फाटकावर रात्रभर एक बाई किंवा पहारेकरी, एक वही, 'कुठे आणि किती वाजता येणार' एवढे दोन रकाने, आणि न आल्यास फोन, यात मालकांचा खर्च वाढतो हे मान्य. साठ मुलींच्या वसतिगृहात रात्रपाळीचा पगार वाटून घेतला तर दरडोई महिन्याला तीनशेच्या आत बसेल. बऱ्याच पालकांना तो सांगितला तर चालेल, पण कुणी विचारतच नाही.

आणि स्वच्छतागृह. रात्री दहानंतर सार्वजनिक स्वच्छतागृहांना कुलूप लागतं. मुलगे भिंत शोधतात. मुली संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. अभ्यासिकेत मुलींना वेगळं स्वच्छतागृह आहे का, हा तिथे जागा घेतानाचा पहिला प्रश्न असतो, एसी आहे का हा दुसरा.

आक्षेप आहेत आणि त्यातला एक पूर्ण खरा आहे: आवाज. पेठांच्या गल्ल्या बारा-पंधरा फुटी, दोन्ही बाजूंना घरं, घरांत सत्तरीच्या पुढची माणसं. रात्री एकला खाली वीस पोरं हसली की तिसऱ्या मजल्यावर झोप उडते, आणि बुलेटचं सायलेन्सर बदललेलं असेल तर सगळ्या वाड्याची. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. साधं मोठ्यानं बोललं तरी ती ओलांडते. म्हणून गल्लीतली टपरी रात्रभर चालू ठेवा असं मी म्हणणार नाही. गल्लीतली अकराला बंदच व्हावी. पण ती बंद करताना पाचशे मीटरवर मोकळ्या जागेतली दुसरी उघडी पाहिजे. आज नेमकं उलट होतं. मोठ्या रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरते, म्हणून गाड्या गल्लीत शिरतात आणि आवाज घरांच्या खिडकीखाली येतो. शांतता हवी असलेल्या ज्येष्ठांनी आणि भूक लागलेल्या पोरांनी खरं तर एकाच अर्जावर सह्या करायला हव्यात.

दुसरा आक्षेप, मुलांनी रात्री जागूच नये. तब्येतीच्या दृष्टीनं अगदी बरोबर. फक्त हे त्यांना सांगा जे दिवसा हॉटेलात, दुकानात, कुरिअरमध्ये काम करून संध्याकाळी सातला पुस्तक उघडतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी 'नाईट मारणारा' इंजिनिअरिंगचा मुलगा थोडा शहाणा झाला तर झोपू शकेल, हे खरं. दुकानात दहा तास उभा राहणारा झोपू शकत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गमतीचा: पोलिस कुठून आणायचे, माणसं कुठून आणायची? हे शहर दरवर्षी दहा रात्री हेच सगळं करून दाखवतं. गणेशोत्सवात मेट्रोच्या वेळा वाढतात. २०२५ च्या विसर्जनाला ती सलग ४१ तास धावली. पीएमपी जादा गाड्या सोडते, फिरती स्वच्छतागृहं ठिकठिकाणी उभी राहतात, चौकाचौकांत पोलिस मदत केंद्रं, रस्त्यावर दिवे. रात्री दोनला लक्ष्मी रस्त्यावर मुली आईस्क्रीम खात चालत असतात आणि कुणाच्या घरून फोन येत नाही. गर्दी, उजेड, खाणं आणि घरी जायला गाडी, या चार गोष्टी एकत्र आल्या की रात्र सुरक्षित होते, हे पुणेकराला कुणा तज्ज्ञानं शिकवायची गरज नाही. अकराव्या दिवशी ट्रक येतात आणि ती फिरती स्वच्छतागृहं उचलून नेतात.

सगळं एकदम नको. रविवारपासून सुरुवात करावी, कारण त्या रात्री मेस बंद असते आणि गरज मोजायला सोपी. दोन जागा: मंडई आणि डेक्कनचा नदीकाठ. प्रत्येक जागी वीस गाड्या, आठ ते दोन, पाटीवर वेळ आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. गॅस सिलिंडर गाडीला एकच, भरलेला जादा सिलिंडर जागेवर ठेवायचा नाही, दोन गाड्यांत दोन मीटर अंतर, चार गाड्यांमागे एक अग्निशामक नळकांडं. दोन फिरती स्वच्छतागृहं, त्यातलं एक मुलींचं, आणि दोन्हींपाशी माणूस. स्पीकर नाही. नळस्टॉप–कात्रज बस अर्ध्या तासाला. तीन महिने रोजची मोजणी: किती जेवले, किती बसनं गेले, किती तक्रारी आल्या आणि त्या कोणत्या इमारतीतून. तीन महिन्यांत पाऊस येईल असा मुहूर्त मात्र धरू नये. नदीपात्रात पाणी सोडलं, की प्रयोगच वाहून जातो आणि दोष मुलांच्या माथी येतो.